पक्का हात

नासर्डी नदीच्या उतारावर फटफटीनं नजीरला हिसका दिला. तसा फार मोठा नाही. तो पडला नाही, कुणाला लागलं नाही, समोरून येणाऱ्या टांगेवाल्यानं एक शिवी हासडली आणि तोही आपल्या वाटेनं गेला. पण इतक्या वर्षांत या फटफटीनं त्याला असं कधी केलं नव्हतं. उतार लागला तसा त्यानं नेहमीसारखा डाव्या हातानं क्लच दाबला, उजव्या अंगठ्यानं मुठीजवळची रेसची पट्टी जराशी पुढं सारली, मग तोच हात खाली टाकीजवळच्या दांड्यावर नेऊन गिअर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर ओढला आणि क्लच सोडला. सगळं रोजच्यासारखं. फक्त मधे इंजिनानं जो हुंकार द्यायला हवा होता तो दिलाच नाही. आत दात दातांवर खरखरले, मागचं चाक अडलं, धुरळ्यात फरफटलं, आणि बाजूच्या लाकडी पेटीतले पिक्चरचे डबे एकमेकांवर आपटून खणाणले. पुलाच्या अलीकडे त्यानं गाडी कडेला घेतली आणि नुसता बसून राहिला. मग पट्टीकडे बघितलं. पट्टी होती तिथंच होती, केसभरही हललेली नव्हती. अंगठ्यानं तर ती सारली होती. म्हणजे सारली असं त्याला वाटलं होतं. आता डोळ्यांदेखत अंगठा पट्टीवर ठेवून त्यानं दाबला तर ती सरकली, इंजिन गुरगुरलं, पण अंगठ्याला त्यातलं काहीच कळलं नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी अंगठ्याची गंमत बघावी तसं तो बघत राहिला. छातीत धडधडायला हवं होतं, तेही होईना.

ज्यानं कधी फटफटी चालवली नाही त्याला ही गोष्ट सांगून पटत नाही. गाडी हळू करायची, खालचा गिअर घालायचा, तर इंजिन आधी जोरात पळवायचं, हे कुठलं शहाणपण? नजीरलाही पटलं नव्हतं. भद्रकालीच्या बोळात रहेमान उस्तादाचं दुकान होतं. तिथं तो मिसरूड फुटायच्या वयात सायकलींची पंक्चरं काढायला लागला, आणि तिथंच पुढं देवळालीच्या लष्करी लिलावात घेतलेल्या या फटफटीवर उस्तादानं त्याला तयार केलं. तोंडानं सांगण्यावर उस्तादाचा विश्वास नव्हता. तो मागं बसायचा, पुढं वाकायचा आणि नजीरच्या उजव्या हातावर आपला हात ठेवायचा. नजीरच्या अंगठ्यावर उस्तादाचा अंगठा, बोटांवर बोटं. "चाक आपल्या चालीनं पळतंय, इंजिन आपल्या," तो कानाशी ओरडायचा, "खालच्या गिअरात इंजिनाला जास्त पळावं लागतं, मग ते आधीच पळव ना. दोघं एका चालीला आले की गाठ घाल. जबरदस्तीनं घातलीस तर एकमेकांवर दात खातील." आणि मग अंगठ्यावरचा तो दाब, थोडासा, आमटीत मीठ टाकताना चिमूट सोडावी एवढाच. इंजिन हूं म्हणायचं, हात खाली जायचा, दांडा लोण्यात सुरी जावी तसा मागं यायचा. गंगापूर रोडच्या मोकळ्या रस्त्यावर, त्र्यंबकच्या चढांवर, अख्खा हिवाळा आणि त्याच्यामागचा उन्हाळा असा हातावर हात ठेवून गेला. त्या हाताचा एक कोरडेपणा नजीरला अजून आठवतो. भर वैशाखात नजीरच्या शर्टाची पाठ भिजून जायची, पण वरच्या त्या हाताला कधी घाम म्हणून यायचा नाही.

पेटीतले डबे देवळालीत पोचवायचे होते. एकच पिक्चर, त्याची एकच प्रत, आणि ती लावली होती दोन थेटरांत. एक नाशकात मेनरोडच्या मागं, दुसरं देवळाली कँपात. नाशकात खेळ आधी सुरू व्हायचा, कँपात अर्ध्या-पाऊण तासानं. नाशकातला डबा संपला की गेणू ऑपरेटर तो गुंडाळून खाली द्यायचा, नजीर तो पेटीत टाकून निघायचा, आणि तिकडं आधीचा डबा संपायच्या आत हा पोचायचा. ट्राम बंद पडल्यापासून रस्ता मोकळा होता, त्यामुळं हे जमायचं. नाशकात नायिका सासर सोडून निघाली की कँपात तिचं नुकतंच लग्न लागत असायचं, आणि मधल्या रस्त्यावर नजीर तिचं सगळं दुःख पत्र्याच्या डब्यात घालून घेऊन चाललेला असायचा. हे गेणूचं म्हणणं. गेणू असलं काहीतरी बोलायचा आणि स्वतःच हसायचा. थेटराच्या मॅनेजरानं ही फटफटी उस्तादाकडून विकत घेतली ती नजीरसकट घेतली म्हणा ना. तिला दुसऱ्या कुणाचा हातच चालत नव्हता. "हात चालत नाही," हे शब्द मनात आले तसे ते तिथंच राहिले. त्यानं गाडी सुरू केली आणि उरलेला रस्ता कानानं चालवला. अंगठ्याला काही विचारायचंच नाही, पट्टी सारायची, इंजिन काय म्हणतंय ते ऐकायचं, कमी वाटलं तर पुन्हा सारायची. नाशिकरोडच्या फाटकाशी तीनदा रेस द्यावी लागली. फाटकवाला बघायला लागला. कँपातल्या थेटरात खेळ थांबून दिवे लागले होते, गोरे शिपाई शिट्ट्या मारत होते, आणि तिथला माणूस डबा हिसकावून घेत म्हणाला, "कुठं झोपला होतास रे?" नजीर म्हणाला, "क्लचची तार." खोटं इतकं सहज बाहेर आलं की त्यालाच ऐकायला बरं वाटलं. तार. तारेचंच असेल. फटफटी चालवणाऱ्याचे हात मुंग्या येऊन बधिर होतातच, मुठींची थरथर हाडात शिरते, सगळ्यांचं होतं. गेल्या पावसाळ्यापासून तो स्वतःला हेच सांगत आला होता. मुंग्या मात्र कधी आल्याच नव्हत्या.

आणि खरं सांगायचं तर गेल्या वर्षभर तो या गोष्टीवर खूष होता. हसू येईल कुणाला, पण होता. गॅरेजातल्या माणसांत हात पक्का होणं ही एक मोठी गोष्ट असते. नवा माणूस तापलेल्या सायलेन्सरला चुकून हात लावून बोंबलतो, फुंकर घालत नाचतो, बाकीचे हसतात. जुना माणूस फडकं घेतो. आणि रहेमान उस्ताद काही घेत नसे. धावून आलेल्या गाडीचा प्लग तो नुसत्या बोटांनी फिरवून काढायचा, तळहातावर खेळवायचा, उजेडाला धरून बघायचा आणि मग शांतपणे बाकावर ठेवायचा. बाकावरच्या तेलाचा चर्र आवाज यायचा, उस्तादाच्या हाताचा नाही. पार पंचवटीतले टांगेवाले हे बघायला यायचे. "उस्तादाचा हात पक्का झालाय," लोक म्हणायचे, "लोखंडाशी राहून लोखंड झालाय." नजीरला त्या हाताचा हेवा वाटायचा. रात्री झोपताना तो आपले तळवे चाचपायचा, कितपत राठ झालेत ते बघायचा. म्हणून मागच्या श्रावणात थेटराच्या मागच्या अंगणात त्यानं घाईघाईत फडकं न घेताच प्लग काढला आणि काही झालं नाही, तेव्हा तो तिथल्या तिथं थांबला आणि आनंदानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आला. उस्तादाचा हात आला. त्यानं गेणूला हाक मारून दाखवलं. गेणूनं द्वारपालाला बोलावलं, द्वारपालानं सोडावाल्याला. मग तो एक खेळच झाला. घरी त्यानं चुलीतला निखारा उचलून बिलकिसला दाखवला, ती आधी किंचाळली आणि मग शेजारीपाजारी सांगत सुटली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते निराळं काय असतं? पण तेव्हा कुणाला ते अवलक्षण वाटलं नाही. गल्लीत नाही, गॅरेजात नाही, थेटरात नाही. इतक्या माणसांनी टाळ्या वाजवलेल्या गोष्टीत काही वाईट असेल असं नजीरच्या मनात यायचं काही कारणच नव्हतं.

शेवटचे डबे कँपातून उलट आणायचे, म्हणजे संध्याकाळच्या खेळाला ते पुन्हा नाशकात हवेत. परत येताना त्यानं तिसरा गिअर सोडलाच नाही. नासर्डीचा चढ इंजिन कुंथत, धापा टाकत चढलं. थेटराच्या अंगणात गेणू पानाची पिचकारी मारून उभाच होता, आणि त्याच्याबरोबर एक जाडसा पाहुणा. "आलास? अरे हे आमचे मेव्हणे, चांदवडचे," गेणू म्हणाला. "यांना म्हटलं आमचा नजीर जळता प्लग हातानं काढतो, तर खोटं म्हणतायत. दाखव जरा." नजीर म्हणाला, "आज नको गेणूभाऊ." "अरे नको काय? शर्यत लागलीय. चल, चल, भाव खाऊ नकोस." नजीर वाकला. नाही म्हणण्यासाठी जे काही अंगात लागतं ते त्याच्यात त्या वेळी नव्हतं, एवढंच. त्यानं तार बाजूला केली, पान्यानं प्लग सैल केला आणि बोटांनी फिरवू लागला. एरवी तो हातचलाखीनं करायचा, पटकन धरायचा, पटकन सोडायचा. आज त्यानं धरूनच ठेवला. काही लागतंय का ते बघत होता. कुठं खोलवर एखादी ठिणगी, एखादा चटका. मेव्हणे "वा" म्हणाले. गेणू त्यांच्या पाठीवर थाप मारून हसला. आणि मग नजीरला वास आला. बकरी ईदला मुंडी भाजताना गल्लीत येतो तसा, केस आणि कातडं यांचा. तो वास कुठून येतोय हे त्याला आधी समजलंच नाही, त्यानं मान वळवून इकडंतिकडं बघितलं. गेणूचं हसणं थांबलं होतं. "अरे सोड, सोड की!" तो ओरडला. नजीरनं बोटं उघडली. प्लग खाली पडला, आणि अंगठ्याचं पेर पांढरं होऊन वर आलं होतं. "दुखत नाही?" मेव्हण्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात आता कौतुक नव्हतं. नजीर म्हणाला, "नाही," आणि हे सांगताना त्याला ते पहिल्यांदाच ऐकू आलं.

संध्याकाळच्या खेळाला अजून वेळ होता. रोज या वेळी तो नदीवर हातपाय धुवून घरी जेवायला जायचा, तसाच गेला. गंगेला, म्हणजे गोदावरीला, पाणी कमी होतं. पलीकडं पंचवटीच्या पायऱ्यांवर दिवेलागणीच्या आधीची गर्दी, बायका परड्या घेऊन उतरत होत्या, कुठंतरी घंटा वाजत होती. नजीर या काठाच्या दगडावर बसला आणि दोन्ही हात पुढं धरले. दिवसभराच्या रस्त्याची धूळ घामावर बसून हाताला मातीचा लेप झाला होता. फक्त उजव्या कोपराच्या खाली, रुपयाहून जरा मोठी अशी एक जागा स्वच्छ होती. फिकट, कोरडी, जशी काही धुऊन ठेवलेली. तिथं घाम आलाच नव्हता म्हणून धूळ बसली नव्हती. तो डाग त्याला माहीत होता. बिलकिसनं त्याला कडुनिंबाचा पाला वाटून लावला होता, नायटा समजून. काठावर बाभळीची एक वाळकी फांदी पडली होती. त्यानं तिचा एक काटा मोडून घेतला, डोळे मिटले, आणि डाव्या हातानं तो उजव्या हातावर टोचू लागला, कुठं टोचतोय ते ओळखायचं असं ठरवून. हातावर, बोटावर, मनगटाशी. मनगटाच्या वर त्याला कळलं. खाली काही कळेना. तो वाट बघत राहिला. मग डोळे उघडले तर काटा अंगठ्याच्या उंचवट्यात उभा होता, निम्मा आत, आणि रक्ताचा एक थेंब त्याच्या मुळाशी गोळा होऊन बसला होता. नजीरनं काटा काढला आणि पाण्यात टाकला. पलीकडच्या पायऱ्यांच्या कडेला ती माणसं बसली होती, रोज बसतात ती, पुढं फडकं पसरून, हातांना चिंध्या गुंडाळून. महारोगी. लहानपणी आई त्यांच्या वाऱ्यालाही उभं राहू द्यायची नाही. एवढी वर्षं तो इथं हातपाय धुतोय आणि त्यातला एकही चेहरा त्याला ओळखता आला नसता. आताही त्यानं चेहरे बघितले नाहीत. ती बसलेली ओळ किती लांब आहे आणि तिच्या टोकाला जागा आहे का, एवढंच बघितलं. आणि आपण हे इतक्या थंडपणानं बघतोय याचं त्याला नवल वाटलं.

उस्ताद नाशिक सोडून गेला त्याला तीन वर्षं झाली होती. चांगलं चालतं दुकान, हत्यारं, गिऱ्हाइकं, सगळं मोडीत काढून एकदम निघाला. मालेगावला बहिणीकडे जातो म्हणाला. लोक म्हणाले, म्हातारा कमावून बसला, आता काय, आराम. निघायच्या दिवशी नजीर स्टेशनवर पोचवायला गेला होता. मुसाफह्यासाठी, हातात हात घ्यायला, त्यानं दोन्ही हात पुढं केले तर उस्तादानं आपले हात शालीतून बाहेर काढलेच नाहीत, दुरूनच सलाम केला. थंडीचे दिवस होते, पण एवढी थंडी नव्हती. नजीरला फार लागलं ते. एवढी वर्षं ज्यानं हाताला धरून शिकवलं त्यानं जाताना हात देऊ नये? गाडी सुटताना उस्ताद खिडकीतून म्हणाला होता, "फडकं वापरत जा, पोरा. माझ्यासारखा हात करू नकोस." नजीर घरी येऊन बिलकिसला म्हणाला, बघ, म्हाताऱ्याची खोड, आपल्यासारखा दुसरा कुणी होऊ नये म्हणून झुरतोय. किती दिवस तो हे मनात धरून होता. आता दगडावर बसून त्याला ते सगळं सरळ दिसत होतं, एकापुढं एक, आणि त्याबद्दल राग यायला हवा होता. उस्तादाला कळलं कधी? हात हातावर ठेवायच्या आधी, की नंतर? आधी कळलं असतं तर ठेवला नसता, असं नजीरनं ठरवून टाकलं. तसं ठरवायला त्याच्याकडे काही आधार नव्हता. पण त्याच्यापुढं लगेच दुसरं आलं आणि ते जास्त जवळचं होतं. रोज रात्री हमीदा, तीन वर्षांची त्याची मुलगी, त्याच्याच हातानं जेवते. घास करून, बोटांनी चेपून, तोंडात. बिलकिसचा हात तिला चालत नाही.

घराजवळचा कथड्याचा चढ आला तसं त्यानं गिअर पाडला. एकदा रेस दिली, ती कमी पडली, दुसऱ्यांदा दिली, मग दांडा ओढला. घराशी गाडी लावून तो आत आला तर बिलकिस चुलीपुढं तशीच बसलेली होती, तवा रिकामा. ती सायखेड्याची, शेतकऱ्यांच्या शेजारात वाढलेली. बोलणंही तिथलंच, अजून बदललेलं नव्हतं.

"आज तुम्हीच आलात व्हय? मला वाटलं दुसरं कुणी फटफटी चालवतंय."

"का?"

"दोनदा रेस दिलीत. रोज एकदाच देता. त्या आवाजावर मी तवा ठेवते, तुम्ही हातपाय धुऊन बसता तवर भाकर होती. आज कळलंच नाय मला."

नजीर उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसला. उजवा हात त्यानं मांडीखाली घेतला. हमीदा दुडदुडत आली, त्याच्या पुढ्यात बसली, आणि चिमणीनं उघडावं तसं तोंड उघडून वाट बघू लागली. अजून ताटही आलेलं नव्हतं. बिलकिसनं भाकरी थापली, भाजली, कालवण वाढलं आणि ताट पुढं सरकवलं. भाकरीची वाफ वर येत होती. हमीदा म्हणाली, "अब्बा, घास."

"तू भरव तिला," नजीर म्हणाला.

"मी? माझ्या हातचं ती खाते व्हय कधी? भरवा की, लय भुकेजलीय."

"तू भरव."

बिलकिसनं त्याच्याकडे बघितलं. हमीदाला मांडीवर ओढून घेतलं, घास केला. हमीदानं मान फिरवली, मग रडायला लागली, मग रडता रडता खायला लागली. तिचं रडणं ऐकताना नजीरला कुठंतरी काहीतरी हलल्यासारखं झालं, पण ते काय आहे हे हाती लागायच्या आतच थांबलं. पोट भरल्यावर ती आईच्या खांद्यावर पेंगली. बिलकिसनं तिला गोधडीवर टाकलं आणि त्याच्या शेजारी, भिंतीलाच, येऊन बसली. "हात काढा बघू बाहेर," ती म्हणाली. त्यानं काढला आणि दोघांच्या मधे चटईवर ठेवला. दाराच्या उजेडात फोड चांगला मोठा दिसत होता.

"अगं बाई, भाजलंय की! कधी?"

"दुपारी. प्लग काढताना."

"अन् कळलं नाय तुम्हाला?" ती हसली. खरोखरच कौतुकानं हसली. "पक्का हात तुमचा. आजच शेजारची झुंबरबाई इचारत होती, निखारा उचलतो तो तुझाच नवरा ना म्हणून."

"पक्का नाही तो," नजीर म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. पट्टी हलली नव्हती ते, वासाचं, काट्याचं, धूळ न बसलेल्या डागाचं. उस्तादानं हात शालीत का ठेवले असतील ते. मधे न थांबता, आवाज न चढवता-उतरवता, कँपातल्या माणसाला कुठला डबा कुठला ते सांगावं तसं. रोगाचं नाव त्यानं घेतलं नाही, पण शेवटी घ्यावं लागलं, कारण बिलकिस काही बोलेना आणि तिला कळलं की नाही ते समजेना. नाव घेतल्यावर तिनं पदर तोंडावर धरला.

"उद्या दवाखान्यात दाखवतो," तो म्हणाला. "ठेवून घेतील. तू हमीदाला घेऊन सायखेड्याला जा."

"तिथं काय सांगू?"

"सांग मालेगावला गेलाय. कामाला."

"अन् हमीदाला?" ती म्हणाली. "हमीदाला झालं आसल तर?"

"मला माहीत नाही."

"अन् मला झालं आसल तर?"

त्यानं मान हलवली. चुलीतलं लाकूड मोडून खाली बसलं. मशिदीतून मगरिबची अजान सुरू झाली आणि संपली. दिवा लावायची वेळ झाली होती आणि बिलकिस उठत नव्हती. घरातला उजेड जमिनीपासून वर वर संपत आला. थेटरात गेणू वाट बघत असेल, मॅनेजर घड्याळ बघत असेल, आणि आपण आता उठून जाणार की नाही हे नजीरला ठरवता येईना. रस्ता कानानं चालवता येतो. अजून बरेच दिवस येईल. कुणाला काही कळणार नाही. फक्त बिलकिसला कळलं होतं आणि ती वीतभर अंतरावर बसून श्वास घेत होती, तो त्याला ऐकू येत होता. ती आता काय करेल? उठून पोरीला कडेवर घेईल आणि दार ओलांडून शेजारी जाईल. तसं तिनं करावं हेच बरोबर होतं. त्यानंच तर सांगितलं होतं. त्याची आई असती तर तिनं तेच केलं असतं आणि वर हात धुतले असते.

बिलकिस जराशी हलली. तिच्या बांगड्या वाजल्या, अगदी जवळ, चटईवर जिथं त्यानं हात ठेवला होता तिथंच. मग वाजायच्या थांबल्या. तिनं हात हातात घेतला होता की नुसता जवळ आणून मागं घेतला होता, हे त्याच्या हाताला कळत नव्हतं. खाली बघितलं असतं तर कळलं असतं. नुसती मान वाकवायची होती. दुपारपासून ज्याची तो वाट बघत होता ती भीती आता आली, सगळी एकदम. तो मान ताठ धरून दाराबाहेर, काळोखात दिसेनाशा होत चाललेल्या फटफटीकडे बघत राहिला.